राहून गेलेली ठेव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुवारच्या सत्संगात महाराजांनी केलेले निरूपण शक्यतो त्यांच्याच शब्दांत देत आहोत. घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे.

बाळांनो, आज एका धातूच्या पट्टीची गोष्ट सांगतो. बेळगावचे आपले एक गुरुबंधू आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना विचारूनच सांगतोय, नाव मात्र विचारू नका.

अकरा वर्षांपूर्वी ते मुलाकडे अमेरिकेत, ओरेगनला गेले होते. नातू तेव्हा आठ वर्षांचा. रविवारी आजोबा-नातू रानात लपवलेले डबे शोधायला जायचे. जिओकॅशिंग म्हणतात या खेळाला. हा खेळ त्याच भागात जन्मला. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसालाही नेमकी जागा कळू लागली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आज असे डबे जगभर आहेत. नियम साधा आहे. डब्यातलं काही घेतलंत तर त्याच मोलाचं काही ठेवा आणि वहीत नाव लिहा.

एका डब्यात यांना छोटी प्लास्टिकची होडी मिळाली. तिला एक नंबर कोरलेली पट्टी साखळीने बांधलेली होती. नातवाला होडी आवडली. आजोबांनी बदल्यात दोन रुपयांचं नाणं ठेवलं. हिशेब पुरा झाला, असं त्यांना वाटलं. परत येताना ती होडी त्यांच्या बॅगेत आली आणि बेळगावच्या कपाटाच्या खणात जाऊन पडली.

यंदा नातू आला, आता एकोणीस वर्षांचा. खणात काहीतरी शोधताना त्याला ती पट्टी दिसली. म्हणाला, "आजोबा, ही आपली नव्हे. ही प्रवासातली वस्तू आहे. आपण फक्त पुढच्या डब्यापर्यंत न्यायची असते."

बघा, अशा पट्ट्या जोडीने येतात. एक प्रवासाला निघते, तिची जुळी मालकाकडे राहते. ज्याला सापडेल त्याने नंबर नोंदवायचा, पुढच्या डब्यात ठेवायची. मालक घरबसल्या बघतो, आपली वस्तू कुठवर पोचली. २०२१ साली मंगळावर उतरलेल्या अमेरिकन गाडीवरसुद्धा असा एक नंबर आहे! आणि आमचा नंबर बेळगावात, जुन्या पासबुकांखाली.

नातवाने नंबर टाकला. मालकाने लिहिलं होतं, ही माझ्या मुलीची होडी आहे, हिला समुद्र दाखवा. होडी कितीतरी हातांतून ओरेगनपर्यंत आली होती. समुद्र तिथून गाडीने दोन तासांवर. आणि तिथेच नोंदी थांबल्या.

गुरुबंधू माझ्याकडे आले. म्हणाले, "महाराज, मी चोरी केली नाही. राहून गेलं. आता एवढ्या वर्षांनी काय तोंड दाखवू? मठाच्या दानपेटीत टाकतो."

मी म्हटलं, दुसऱ्याची वस्तू दान करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

मंडळी, "राहून गेलं" हा शब्द नीट तपासा. पहिल्या वर्षी तो खरा असतो. तेव्हा तो विसर असतो. मग एक दिवस आठवतं, आणि आपण खण पुन्हा लावून टाकतो. त्या क्षणापासून तो विसर नाही, ती लाज आहे. पुढे लाजेचं समर्थन होतं: "त्यांनी तरी कुठे मागितलं?" पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय सांगितलं आहे. चोरी केली नाही एवढ्याने अस्तेय पुरं होत नाही. परक्याचं आपल्याकडे आहे हे कळल्यावर ते परत करणं, हेही त्यातच येतं.

त्यांनी मालकाला निरोप लिहिला. वस्तू माझ्याकडे आहे, उशीर माझा आहे, नातवाबरोबर पाठवतो. नातवाने जाऊन ओरेगनच्या किनाऱ्याजवळच्या डब्यात होडी ठेवली, नंबर नोंदवला, समुद्राचा फोटोही टाकला.

मालकाचं उत्तर आलं नाही. आजपर्यंत नाही. ती मुलगी आता मोठी झाली असेल. हे त्यांना लागलं. पण क्षमा मिळेल म्हणून परत करायचं नसतं. ठेव आपली नाही म्हणून परत करायची.

खरी गोष्ट पुढेच आहे. एक खण उघडला की दुसरा आठवतो. आईने जाताना अक्कासाठी म्हणून दिलेल्या पाटल्या यांच्याच लॉकरमध्ये होत्या. बावीस वर्षं! घराचं कर्ज होतं तेव्हा गहाण ठेवल्या, मग सोडवल्या, मग राहून गेलं. हे धारवाडला गेले, पाटल्या पुढ्यात ठेवल्या, सगळं सांगितलं. अक्का थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाटल्यांचं सोड रे. तू फोन करायचा बंद झालास, ते जास्त लागलं."

कळलं का? वस्तू खणात असते, पण भिंत दोन माणसांत उभी राहते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. त्यांत एक कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता म्हणून बलवान पक्षी त्याच्यामागे लागले. तुकडा सोडला आणि तो सुखी झाला. आपल्या मागे लागलेले पक्षी आपल्याच मनातले असतात, एवढाच फरक.

*या आठवड्याचं साधन:* घरातला एकच खण उघडा. पुस्तक, भांडं, उसने पैसे, भावाबहिणीचा कागद, जे परक्याचं असेल त्याच्या मालकाला फोन करा. तीनच गोष्टी बोला: माझ्याकडे काय आहे, उशीर माझा आहे, कधी परत देणार. कारणं सांगत बसू नका. पैसे एकदम जमत नसतील तर पहिला हप्ता आणि तारीख सांगा. माणूस गेला असेल तर त्याच्या मुलांना द्या. फोन करण्याआधी दत्तगुरूंचं नाव घ्या, हात थरथरणार नाही.

॥ सद्गुरुचरणी अर्पण ॥