विद्यार्थिदशा आणि दूरचित्रवाणी

आमच्या मध्यम स्थितीतील कुटुंबांत मूल दहावीच्या वर्गात गेले म्हणजे जे काही विधी होतात, त्यांत केबल तोडण्याचा विधी बरीच वर्षे अग्रस्थानी होता. जून महिन्यात नवी पुस्तके येत, त्यांना खाकी आवरणे चढत, आणि त्याच सुमारास केबलवाल्यास बोलावून 'आता मार्चपर्यंत बंद ठेवा' असे सांगण्यात येई. हल्ली केबलच्या जागी मोबाइल काढून घेण्याची चाल पडत आहे. हेतू मात्र तोच. या रूढीच्या मुळाशी मुलांविषयीची कळकळ आहे हे कोणीही नाकारणार नाही. तथापि नीतीच्या दृष्टीने ती कितपत निर्दोष आहे, हे तपासून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे. आणि तसे करण्यास आम्हांस एक खाजगी कारणही आहे, ते पुढे येईलच.

करमणूक ही विद्येची वैरीणच होय असे मानणारा पक्ष फार पुरातन आहे. विद्यार्थ्याने सुखाची आशा सोडावी, आहार व निद्रा बेताची ठेवावी, असे बजावणारी सुभाषिते आमच्या पिढीने शाळेत घोकली. एकोणिसाव्या शतकात कादंबऱ्यांच्या आणि नाटकांच्या नादाने तरुण बिघडत असल्याची हाकाटी करणारे गृहस्थ काही थोडे नव्हते. पुढे कादंबऱ्या आणि नाटके अभ्यासक्रमात आली, आणि मुले ती वाचीत नाहीत अशी हाकाटी सुरू झाली! तेव्हा जे नवे ते घातक, हा युक्तिवाद आम्ही बाजूस ठेवतो. दुसरा पक्ष वेळापत्रकवाल्यांचा. दिवसाचे तास चोवीस. पैकी शाळेस इतके, शिकवणीस इतके, झोपेस इतके, आणि दूरचित्रवाणीस एक. कागदावर हा हिशेब मोठा सुबक दिसतो. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, दूरचित्रवाणीचा तास हा इतर तासांसारखाच साठ मिनिटांनी संपतो.

मैदानावरचा खेळ अंधार पडला म्हणजे संपतो, नाहीतर पाय दुखू लागले म्हणजे संपतो. कीर्तन आरतीने संपते. जुनी संगीत नाटके पहाटेपर्यंत चालत, पण पहाटे का होईना, पडदा पडे आणि मंडळी घरी जात. दूरचित्रवाणीसही आरंभी असा शेवट होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा कार्यक्रम सायंकाळचे काही तासच असत. ते आटोपले की पेटी मुकी होई आणि घरातील माणसे आपोआप एकमेकांशी बोलू लागत. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' मालिका दाखविली जाऊ लागली, तेव्हा रस्ते ओस पडत हे खरे. पण भाग संपताच लोक स्नानास व जेवणास उठत, आणि पुढला भाग पाहावयाचा तर आठ दिवस वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. १९९२ पासून खाजगी वाहिन्या आल्या आणि हे चित्र पालटू लागले. आता तर एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपण होऊन सुरू होतो. पूर्वी पाहण्यासाठी काही खटपट करावी लागे. आता थांबण्यासाठी करावी लागते. कार्यक्रम संपविण्याचे जे काम पूर्वी प्रक्षेपण करणाऱ्यांकडे होते, ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात येऊन पडले आहे, आणि ते कसे करावे हे कोणत्याच इयत्तेत शिकविले जात नाही.

केबल तोडणारा पिता हे काम मुलाकडून काढून स्वतःकडे घेतो. यात वावगे ते काय, असे आम्हांसही एकेकाळी वाटे. आमचे चिरंजीव २००३ साली दहावीच्या परीक्षेस बसणार होते. आदल्या जूनमध्येच आम्ही केबल बंद करविली, आणि या त्यागाविषयी चार लोकांत थोडी फुशारकीही मारली. पुढे फेब्रुवारीत विश्वचषक सुरू झाला. १ मार्च रोजी सेंच्युरियन येथे भारत-पाकिस्तान सामना होता. त्याच दिवशी महाशिवरात्र होती. सायंकाळी आम्ही 'शंकराचे दर्शन घेऊन येतो' असे सांगून बाहेर पडलो आणि तिसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या बैठकीत जाऊन बसलो. देवळाची पायरी काही चढलो नाही. सचिन तेंडुलकर ९८ धावांवर बाद झाला, भारताने सहा गडी राखून विजय मिळविला, आणि आम्ही चेहरा शक्य तितका भाविक करून घरी परतलो. चिरंजीव मेजाशी बसले होते. पुस्तकातून डोके वर न काढता ते म्हणाले, "बाबा, तेंडुलकरचे शतक हुकले ना?"

आम्ही विचारले, तुला कसे कळले? तर म्हणाले, नव्वदीनंतर सारी इमारत श्वास रोखून बसली होती. शतक झाले असते तर फटाके वाजले असते, त्याऐवजी सगळीकडून 'अरेरे' ऐकू आले. म्हणजे तीन तास तो भिंतींमधून सामना पाहत होता. समोरचे पान आम्ही जाताना होते तेच होते. प्रसादाविषयी त्याने काही विचारले नाही, हे त्याचे सौजन्य.

त्या रात्रीपासून हा प्रश्न आम्हांस निराळा दिसू लागला. पूर्वी विद्यार्थी गुरुगृही जाई. संयमाचे निम्मे काम ती जागाच करी. ब्रह्मचर्याश्रम व गृहस्थाश्रम हे दोन आश्रम एका छपराखाली नव्हते. पुढे मुंबईच्या चाळीत, जेथे दहा माणसांस एक खोली, तेथली मुलेही रात्री गॅलरीत, बागेतल्या दिव्याखाली नाहीतर अभ्यासिकेत जाऊन बसत. आता मात्र दोन्ही आश्रमांची गाठ एकाच खोलीत पडते. रात्री आठ वाजता कपाटाच्या अलीकडे वडील मंडळींची मालिका सुरू होते आणि पलीकडे मुलगी कानांत बोटे घालून इतिहास वाचीत असते. वडील मंडळी म्हणतील, आम्ही दिवसभर राबतो, आम्हांस दोन घटका विरंगुळा नको काय? अवश्य हवा, त्यांच्या विरंगुळ्यास आम्ही पाप म्हणत नाही. पण मग मुलीच्या विरंगुळ्याच्या इच्छेसही पाप म्हणता येणार नाही. घरातील एका खोलीचे आणि एका सायंकाळचे वाटप कसे करावे, असा तो साधा व्यवहाराचा प्रश्न आहे. त्यास मुलीच्या चारित्र्याचा प्रश्न करून टाकणे सोयीचे असते, कारण मग उठून पेटी बंद करावी लागत नाही.

कोणी म्हणेल, म्हणजे बंधन निरुपयोगीच काय? तसे आम्ही म्हणत नाही. पाय मोडला असता कुबडी घेण्यात कमीपणा नाही. पण आमच्या घरी काय झाले ते सांगतो. परीक्षा संपली, केबल पुन्हा जोडली गेली, आणि चिरंजीव दोन महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या पेटीसमोर बसून राहिले. दहा महिने ज्यास आम्ही त्यांचा संयम समजत होतो, तो केबलवाल्याकडे ठेवलेला होता, आणि त्याने तो इमानेइतबारे परत नेला!

शिवाय आता तोडण्याचा मार्गही उरलेला नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाने पाठ दाखविले गेले. मोठ्या मुलांचे वर्ग मोबाइलवर भरले. ज्या पेटीपासून उठ म्हणून मुलांस दटावीत होतो, तिच्यासमोरच 'नीट बस' म्हणून त्यांस दटावू लागलो. विद्या आणि करमणूक एकाच खिडकीतून येऊ लागल्यावर ती खिडकी बुजविणार कशी?

सध्या आमच्या घरी आमची भाची कायद्याच्या शिक्षणासाठी राहते. रात्री जेवणानंतर ती मोबाइलवर एखादी मालिका पाहते, आणि नायक अर्धे वाक्य बोलत असतानाच ती बंद करून उठते. हे पाहून आम्हांस मौज वाटली. निदान भाग तरी पुरा करावा, असे आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "मामा, भागाच्या शेवटी उठताच येऊ नये, अशीच तर त्याची मांडणी असते. मधे कुठेतरी काहीच घडत नसते. तिथून उठणे सोपे जाते." आमच्या वाचनातील कोणत्याही नीतिग्रंथाने इतका उपयोगी पाठ आम्हांस दिलेला नाही, हे कबूल करण्यास संकोच वाटत नाही.

तिच्या परीक्षेच्या दिवसांत आठ ते दहा घरातील सर्वच पडदे बंद ठेवावे, असे आता ठरले आहे. आमच्या कुटुंबाने त्यास एका अटीवर संमती दिली: रविवारच्या महाएपिसोडच्या वेळी कोणी मधे बोलावयाचे नाही. उरलेल्या दिवसांत मध्येच उठण्याचा भाचीचा प्रयोग आम्हीही आमच्या साडेआठच्या मालिकेवर करून पाहत आहोत. गेल्या पंधरवड्यात तिला नऊ रात्री साधले, आम्हांस चार. पैकी एका रात्री वीज गेली होती. ती धरावी की न धरावी, याविषयी घरात मतभेद आहे.