खुराड्याची खिडकी आणि देवाची इच्छा

पावसाळ्यात परसातील दोन-चार कोंबड्या एकामागून एक मरतात, आणि ‘देवाची इच्छा’ असे म्हणून घरची मंडळी मोकळी होतात. हुबळी-धारवाडच्या वस्त्यांतून हे शब्द आपण पुष्कळदा ऐकतो. त्यांत नम्रता असते हे खरे. परंतु कधीकधी त्यांच्या आड एक बुजविलेली खिडकीही असते. ज्या गोष्टीचा कारभार देवाने मनुष्याच्या हाती सोपविला, तिचा दोष देवावर घालणे उचित आहे काय? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उत्तरासाठी प्रथम खुराड्याच्या जमिनीकडे पाहू. हुबळीची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते खुराडे मांडले तर खालून ओल चढते आणि भेगांतून उंदीर-घुशी वाट काढतात. धारवाड तर मलनाडाच्या उंबरठ्यावर. तेथे पाऊस अधिक. ओल्या विष्ठेत रक्ती हगवणीचे जंतू बळावतात व पिले दगावतात. म्हणून दगडाचे फूटभर जोते, त्यावर शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा, आणि वर दोन-तीन इंच भाताच्या तुसाची गादी, ही व्यवस्था चांगली. कलघटगी-अळणावरकडे भात पिकतो, तेव्हा तूस दुर्मिळ नाही. दोन-तीन दिवसांनी गादी खालीवर करावी व ओला भाग काढून टाकावा. मोठ्या कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा असावी. काहीजण तारेच्या जाळीची जमीन पसंत करतात, कारण विष्ठा खाली पडते व झाडलोट वाचते. परंतु जाळीने पायांना जखमा होतात. उकरणे आणि धुळीत अंग घोळणे हा कोंबडीचा स्वभावधर्म, त्यालाही ती मुकते. सोय धन्याची आणि भोग मुक्या जिवाचा, असा हा सौदा आहे.

दुसरी गोष्ट हवेची. नैर्ऋत्येचा वारा सुटला की कोंबड्यांना थंडी वाजेल या मायेने लोक सगळी भोके गोणपाटाने बुजवितात. हेतू चांगला, परिणाम वाईट. देवाने कोंबडीला पिसांचे पांघरूण दिले आहे. अंग कोरडे असले तर ती आपल्याकडचा गारठा सहज सोसते. मात्र तिच्या श्वासाची व विष्ठेची वाफ बंद खुराड्यात रात्रभर साठते, तूस भिजते, आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. तो डोळ्यांना व श्वासनलिकेला इजा करतो. मग साधी सर्दीही जीव घेते. उपाय महाग नाही. छपराखाली, बसण्याच्या दांडीच्या बऱ्याच वर, समोरासमोरच्या दोन भिंतींत वीतभर उंचीच्या जाळीदार फटी बारा महिने उघड्या ठेवाव्यात. वारा डोक्यावरून जाईल, अंगावर येणार नाही. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, पश्चिमेची भिंत भरीव असावी आणि दक्षिणेकडे छप्पर चांगले पुढे काढावे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग निववते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत खालच्या खिडक्याही उघडाव्यात.

हवा चांगली की वाईट हे आपण उभ्याने ठरवितो. कोंबडीचे नाक मात्र जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर असते. पहाटे दार उघडताच तेथवर वाकून श्वास घ्यावा. आपले डोळे चुरचुरले तर रात्र तिने कशी काढली ते कळेल. दुर्बळाचे दुःख कळण्यासाठी खाली यावे लागते. आपला प्रभूही आपल्यासाठी खालीच आला.

कोणी म्हणेल, जी कोंबडी उद्या कापावयाची तिचे इतके लाड कशाला? नीतिसूत्रे 12:10 मध्ये नीतिमान मनुष्याची खूण सांगितली आहे ती अशी की, तो आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो. तो पशू किती दिवस जगणार ही अट तेथे नाही. 1965 साली इंग्लंडात प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या सरकारी समितीने सांगितले की पाळीव प्राण्याला उठता, बसता, वळता, अंग साफ करता व अवयव पसरता आलेच पाहिजेत. आपल्या देशाच्या 1960 च्या कायद्यातही प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. कायद्याला जे कळले ते ख्रिस्ती घराला आधी कळावयास नको काय?

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा अनुवाद 22:8 मध्ये आहे. पडणे ही देवाची इच्छा होती, अशी सबब बांधणाऱ्याला तेथे ठेवलेली नाही.

अर्थात सगळीच मरणे खिडकीने टळत नाहीत. मानमोडीपासून बचाव करावयाचा तर वेळेवर लसच टोचली पाहिजे, आणि सर्व करूनही काही पक्षी जातील. तेथे ‘देवाची इच्छा’ हे शब्द खऱ्या विश्वासाने उच्चारता येतात. पण ते उच्चारण्यापूर्वी आपल्या वाट्याचे काम झाले आहे ना, हे पाहावे. पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा प्रभूने स्वतःला लाविली आहे. त्याच कोंबडीला आपण कोरडी जमीन व स्वच्छ वारा देऊ शकतो. या पावसाळ्याआधी तेवढे तरी करू या.