म्हातारी आत होती

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हादरू लागली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. धुंदलवाडी परिसरात जमिनीखालून मोठा आवाज येई आणि त्यापाठोपाठ घर थरथरे. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. भर थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे तंबूत झोपू लागली.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक यंत्रे बसवली. धक्क्याची वेळ, खोली, तीव्रता, सारे नोंदले जाऊ लागले. मग तंबूत जागणाऱ्या माणसाच्या मनाचीही अशीच संपूर्ण नोंद विज्ञानाला कधीतरी करता येईल काय?

पुष्कळशी करता येते, हे आपण आधी मोकळेपणाने मान्य करू या. धोका जाणवला की मेंदूतील अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग जागा होतो, रक्तात अॅड्रिनलिन उतरते, छाती धडधडते. पाय पळू लागतात, विचार मागून येतो. धक्का नसतानाही जमीन हलल्याचा भास होतो. जपानमध्ये 2011 च्या महाभूकंपानंतर संशोधकांनी असे अनेक रुग्ण नोंदवले आहेत. तेव्हा महिनोन्‌महिने झोप उडालेल्या माणसाला भगताकडे नेऊ नये, डॉक्टरकडे न्यावे. 'तुझी श्रद्धा कमी पडली' असेही त्याला सुनावू नये. (हे आम्ही आपल्याच लोकांसाठी लिहीत आहोत.)

पण भीती वाटते म्हणजे नेमके काय होते? मेंदूतल्या हालचालीतून 'मला भीती वाटते' ही जाणीव कशी उगवते? 1998 साली ख्रिस्तोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की, जाणिवेची खूण मेंदूत 25 वर्षांत स्पष्ट सापडेल. 2023 मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी हार मान्य केली आणि वाइनच्या बाटल्या दिल्या. आम्हांला यात टाळ्या पिटण्यासारखे काही वाटत नाही. विज्ञानाला आज जे सापडले नाही तेथे आपण आत्मा नेऊन ठेवला, तर उद्या ते सापडल्यावर आत्म्याला जागा उरणार नाही. आपली श्रद्धा अशा फटीत राहत नाही.

आमचा प्रश्न वेगळाच आहे. समजा, धक्का बसला आणि एक माणूस बाहेर पळाला. उंबऱ्याबाहेर आल्यावर त्याला शेजारची म्हातारी आठवली आणि तो तिच्या घरात शिरला. विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये दाखवले की, रक्ताच्या नात्यासाठी जीव धोक्यात घालण्याची वृत्ती उत्क्रांतीत टिकू शकते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 मध्ये परक्याला केलेल्या मदतीचेही स्पष्टीकरण दिले: आज मी तुला, उद्या तू मला. ही वृत्ती माणसात आली कोठून, हे त्यातून बरेच समजते, आणि ते खोटे मानण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

मात्र त्या म्हातारीकडून परतफेड ती कसली होणार? आणि ज्याचे पाय उंबऱ्यावरून मागे वळले नाहीत, त्याच्याही शरीरात तेच अॅड्रिनलिन होते. तो रात्री तंबूत तळमळतो, 'मी जायला हवे होते' असे म्हणतो. त्याच्या मेंदूचे चित्र काढले तर तळमळ दिसेलही. पण त्याने खरोखर जायला हवे होते की नाही, हे त्या चित्रात कोठे शोधायचे?

आत शिरलेल्याला विचारा, बाबा, तू परत का गेलास? तो अमिग्डलाचे नाव घेणार नाही, उत्क्रांतीचेही नाही. तो आपल्याकडे जरा नवलाने पाहील आणि म्हणेल, "म्हातारी आत होती ना."