चार भाकरी जास्त

पाटणच्या एसटी स्टँडवर सकाळच्या कराड गाडीत माणसांच्या आधी डबे चढतात. कापडी पिशवीत घट्ट बांधलेला स्टीलचा डबा, पिशवीवर मार्करनं लिहिलेलं पोराचं नाव. कंडक्टर ते ओळीनं लावून घेतो. कराडला पोरं घ्यायला उभी असतात आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे माघारी येतात. आत भाकरी, एखादी सुकी भाजी, लसणाची चटणी. कोयनेच्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांतलं कॉलेजशिक्षण या डब्यावर चालतं.

शिक्षणाचा खर्च म्हटलं की आपण फीचं बोलतो. फीची वाट आता बरीच सोपी झाली आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ही मोठीच गोष्ट आहे. पण खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, ड्रॉइंगचं सामान, प्रवासाचा पास हे सगळं पहिल्याच आठवड्यात लागतं, आणि शिष्यवृत्तीचा पैसा त्या आठवड्यात खात्यावर आलेला नसतो. ज्या घरात भात लावणीची मजुरी अजून हातात पडायची आहे, तिथे हे थोडके हजारही डोंगराएवढे होतात.

आणि कागद. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, जात पडताळणी. प्रवेशफेरीची तारीख कुणासाठी थांबत नाही. आमच्या शेजारच्या वाडीतली एक मुलगी सीईटीत चांगले गुण मिळवून आली. सीट लागली. एक दाखला दोन दिवस उशिरा हातात पडला आणि सीट गेली. घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीच्या वर्षातच अर्ज करायचा असतो, हे सांगणार कोण? ती हुशारीत कमी पडली नव्हती. आम्ही कमी पडलो, तिच्या ओसरीपासून हाकेच्या अंतरावर राहणारे आम्ही शिकलेले लोक. मला ते अजून लागून राहिलं आहे.

ही एसटी जिथे जाते, त्या कराडजवळच्या काले गावी 1919 साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका छताखाली ठेवून त्यांनी वसतिगृह चालवलं. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मला मात्र त्याहून जास्त आठवतो तो मुष्टिफंड. दळायला बसण्याआधी बाईनं जात्याजवळच्या मडक्यात मूठभर धान्य बाजूला टाकायचं, बोर्डिंगातल्या पोरांसाठी. ती पोरं तिची नव्हेत, तिनं त्यांना पाहिलेलंही नसे. पण घास तिच्या पोरांच्या घासाआधी निघायचा.

आधी निघायचा, इथे माझं मन अडतं. आपली मदत बहुधा नंतर पोचते. निकाल लागला की गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, ट्रॉफी. त्यात आनंद आहे, तो असावा. पण बासष्ट टक्क्यांच्या पोराला हॉलमध्ये कुणी बोलावत नाही, आणि डिप्लोमाचं पहिलं वर्ष निभावून न्यायला त्यालाच हात हवा असतो. ऑक्टोबरात दाखल्यांचे अर्ज भरताना त्याच्याशेजारी तासभर बसणं, जूनमध्ये डिपॉझिटचे पैसे उसने नव्हे तर सरळ देऊन टाकणं, परगावी पहिल्या दिवशी खोली बघायला सोबत जाणं: याचा फोटो निघत नाही. यंदा आमच्या वाडीतल्या बारावीच्या पोरांची कागदांची पिशवी मी दिवाळीआधी उघडून बघणार आहे. तेवढं मला जमण्यासारखं आहे.

परवा स्टँडवर एक बाई डबा द्यायला आली होती. पिशवी चांगलीच जड होती. मी सहज म्हटलं, ‘‘मावशी, एकट्या पोरीला एवढं?’’

‘‘तिच्या खोलीवर एक पोर हाय,’’ ती म्हणाली, ‘‘धरणाच्या पल्याडची. त्येंच्या वाडीला लाँच जाती, एसटी न्हाई. तिचा डबा यायचा कसा? म्हणून चार भाकरी जास्त थापती.’’

कंडक्टरनं डबा घेतला आणि बाकीच्यांच्या ओळीत लावला.