गीतातला डोलकर

शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य झाले नाही असे वर्ष आमच्या तरी स्मरणात नाही. पडदा वर जातो, कोळणीच्या पद्धतीने लुगडी नेसलेल्या मुली आणि कमरेला चौकड्याचे रुमाल बांधलेली मुले रंगमंचावर येतात, पुठ्ठ्याची होडी पुढे सरकते, आणि सारे प्रेक्षागृह ठेका धरू लागते. हा आनंद आम्हीही अनेकदा घेतला आहे. तो निष्पाप आहे, ह्याविषयी शंका घेण्याचा अरसिकपणा आम्ही करणार नाही. परंतु निष्पाप आनंदालाही केव्हा तरी आपल्या मुळाची विचारपूस करावीशी वाटली, तर त्यात वावगे काय?

ह्या नृत्यांना लागणारी गीते पुष्कळदा एकाच ठिकाणाहून आलेली असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शान्ता शेळके ह्यांनी काही कोळीगीते लिहिली, हृदयनाथ मंगेशकर ह्यांनी त्यांस संगीत दिले, लता मंगेशकर ह्यांनी ती गाइली, आणि ‘मी डोलकर’ ह्या गीतात त्यांना हेमंतकुमारांची साथ लाभली. ध्वनिमुद्रिकेवरची ही गीते घरोघर इतकी मुरली आहेत की, ती कोणी लिहिली हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. लोकगीत म्हणूनच ती ओळखली जातात. वस्तुतः ह्या चौघांपैकी कोळी एकही नव्हे. शान्ताबाईंचा जन्म १९२२ सालचा, समुद्रापासून कितीतरी दूर असलेल्या इंदापूरचा. हेमंतकुमार तर बंगाली. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, जे जीवन आपण जगलो नाही, ज्याचे खारे पाणी आपल्या अंगावर कधी उडाले नाही, त्या जीवनाच्या तोंडून ‘मी’ म्हणण्याचा अधिकार कलावंतास आहे काय?

आमच्या मते तो आहे, आणि तो नाकारला तर आपल्या वाङ्मयाचा मोठा भाग आपणांस गमवावा लागेल. ज्ञानेश्वरांच्या विराण्या स्त्रीच्या तोंडच्या आहेत. पैठणच्या ब्राह्मण कुळात जन्मलेल्या एकनाथांनी ‘जोहार’ ह्या भारुडांत महाराच्या तोंडून वेदान्त सांगितला. अनुभवाच्या दाखल्यावाचून कोणी ‘मी’ म्हणू नये असा नियम झाला, तर प्रत्येकाने आत्मचरित्र तेवढे लिहावे, एवढेच उरेल. शिवाय मूळ लोकगीत ध्वनिमुद्रिकेवर येताच बाटते, हेही आम्हांस मान्य नाही. लग्नघरी धवलारीण धवले गाते, ती गोष्ट निराळी. पण वेसाव्याच्या कोळ्यांनी ‘वेसावकर आणि मंडळी’ ह्या नावाने स्वतःच ध्वनिफिती काढल्या आणि त्या खपल्याही. नव्या वाद्यांचा विटाळ त्यांस झाला नाही. आपण तो का मानावा?

मग दोष कोठे आहे? तो गीताकडे नसून श्रोत्यांकडे आहे, आणि त्या श्रोत्यांत आम्ही स्वतःस प्रथम धरतो. पुष्कळ वर्षे आम्ही ‘डोलकर’ म्हणजे लाटांवर डोलणारा असेच समजत होतो. खरा अर्थ उशिरा कळला. डोल हे एका जाळ्याचे नाव आहे. हे जाळे लांब, निमुळत्या पिशवीसारखे असते. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधून त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा आपोआप आत येतो. म्हणजे डोलकराचे सारे पोट समुद्रातल्या ठरावीक जागेवर आणि पाण्याच्या ठरावीक ओढीवर अवलंबून! गीत तोंडपाठ असूनही त्याच्या नायकाचा धंदा आम्हांस ठाऊक नव्हता. बोंबील मात्र आम्ही आवडीने खात होतो.

हे अज्ञान निरुपद्रवी नाही. मुंबईचा सागरी किनारा मार्ग वरळीपाशी समुद्रावरून न्यायचे ठरले, तेव्हा पुलाच्या दोन खांबांत ६० मीटरांचे अंतर योजलेले होते. वारा आणि लाटा एकत्र आल्या म्हणजे होड्या खांबांवर आदळतील, असे वरळीचे कोळी सांगत होते, आणि ह्याहून कितीतरी अधिक अंतर मागत होते. वर्षानुवर्षे भांडल्यावर २०२२ सालच्या अखेरीस १२० मीटर अंतर मान्य झाले. त्या काळातही स्नेहसंमेलने झालीच असतील, आणि दर्याच्या राजावर टाळ्याही पडल्या असतील. परंतु ज्या राजाचे गाणे आपण गातो, त्याच्या होडीला बंदराबाहेर पडण्यापुरती वाट मिळते की नाही, ही चौकशी आमच्यासारख्या किती घरांत झाली? आमच्या घरी तरी झाली नाही, हे कबूल केले पाहिजे.

एकनाथांविषयी एक आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे: ते एका महाराच्या घरी जेवावयास गेले, आणि त्यापायी पैठणकरांचा रोष त्यांनी पत्करला. ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, लोकांनी ती जपली ह्यात मोठे शहाणपण आहे. ज्याच्या तोंडून बोलायचे, त्याच्या पंक्तीस बसण्याचीही तयारी हवी, असे लोकमानसाने त्या आख्यायिकेत सांगून ठेवले आहे. आवाज उसना घेणे पाप नाही. मात्र उसने घेतले आहे ह्याची आठवण राहिली पाहिजे.

म्हणून कोळीनृत्ये बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आमची सूचना अगदी साधी आहे. संमेलनाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनी मुलांना एके सकाळी जवळच्या कोळीवाड्यात न्यावे. बंदर दूर असेल तर निदान बाजारातल्या कोळणीशी दोन शब्द बोलू द्यावे. डोल म्हणजे काय, पावसाळ्यात मासेमारी बंद असताना घर कसे चालते, मासळी पूर्वीइतकी मिळते की नाही, हे मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावे. मग पडदा खुशाल वर जावा आणि पुठ्ठ्याची होडी खुशाल पुढे सरकावी. त्या दिवशी पहिल्या रांगेत दोन-चार खुर्च्या कोळीवाड्यातल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या, तर फारच उत्तम.