सावरण्याच्या मधोमध

पावसाळ्यात तुलसी नगरात एखादी फांदी तारांवर कोसळते आणि वीज जाते. येते, आणि लगेच पुन्हा जाते. डेटाबेस सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या भाच्याला या दुसऱ्या जाण्याचीच जास्त धास्ती. "मामा, पहिल्यांदा सर्व्हर काम करताना पडतो, दुसऱ्यांदा उठताना," असं तो म्हणतो.

पोस्टग्रेससारखा डेटाबेस कुठलाही बदल आधी लॉगमध्ये उतरवतो, मग मूळ जागी. मध्येच पडला, तर उठताना शेवटच्या चेकपॉइंटपासून एकेक नोंद पुन्हा लागू करत येतो. हे चालू असतानाच कुणी "बंद हो" म्हटलं, तर? हातातली नोंद अर्धी टाकून निघता येत नाही. अजिबात न ऐकणंही परवडत नाही, कारण वैतागलेला माणूस मग सरळ प्रोसेस मारून टाकतो. म्हणून रिकव्हरी करणारी प्रोसेस एक नोंद पुरी करते, पुढची घेण्याआधी थांबायचा निरोप आलाय का ते पाहते. वेगापेक्षा मला हे दोन नोंदींमधलं कान देणं मोठं वाटतं.

अडचण होते ती जुना लॉग आणायला बाहेरची कमांड चालवताना. कमांड किती वेळ घेईल सांगता येत नाही, म्हणून तेवढ्यापुरती निरोप येताच बाहेर पडण्याची मुभा आहे. पोस्टग्रेसमधली एक चूक तिथेच लपली होती. कमांडसाठी जन्मलेली चाइल्ड प्रोसेस अजून आईच्याच रूपात असताना सिग्नल आला, तर ती आईची आवराआवर स्वतःच करू लागे, सामायिक मेमरीसकट. 2023 मध्ये ते दुरुस्त झालं. असा दोष क्षणभराच्या फटीत राहतो. तो शोधणाऱ्यांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

आयबीएममध्ये सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 1992 साली मांडलेल्या एरीज या रिकव्हरीच्या पद्धतीत उठतानाच पुन्हा पडण्याची काळजी मुळातच होती: बदल मागे घेतानाही त्याची नोंद करायची, म्हणजे मध्येच कोसळलं तरी मागे घेतलेलं पुन्हा मागे घेतलं जात नाही.

भाचा आता वेगळ्या मशीनवर सर्व्हर मुद्दाम रिकव्हरीच्या मधोमध पाडतो. उठताना पोस्टग्रेस बजावतो, बहुधा डेटा बिघडलाय, शेवटचा बॅकअप लागेल. वाचून पोटात गोळा येतो. पण कारण नुसती वीज असेल, तर भाचा मशीनला हात लावत नाही. लॉग पुढे सरकू देतो, मग टेबलं तपासतो.