हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आमच्या बँकेत पेन्शनरांची रांग लागते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला माणसं जिना चढून धापा टाकत येतात. आणि धाप हाच सबळ पुरावा समोर असताना आम्ही अंगठा मागतो. अशा नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाची कागदावर श्रद्धा बसणारच. म्हणून अण्णांना ऐंशीवं लागलं तेव्हा मी त्यांच्यासाठी सवलतीच्या दरात 'संपूर्ण तपासणी' ठरवून आलो.

अण्णांनी चष्मा पुसून यादी वाचली.

"रक्तदाबाची गोळी मी घेतो. पेपर वाचायचा होता म्हणून मोतीबिंदू काढला. पण हे पीएसए काय?"

"प्रोस्टेटच्या कॅन्सरची चाहूल लागते."

"लागली, तर काय करणार?"

बी. कॉम.ला हा प्रश्न नव्हता. आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा कॅन्सर पुष्कळदा इतका सावकाश वाढतो, की माणूस आधी दुसऱ्याच कारणाने जातो. पण आकडा वाढलेला दिसला, की सुईने तुकडा काढणं, मग ऑपरेशन, मग लघवीवरचा ताबा जाणं, अशी वरात निघू शकते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनेही २०१८ साली सांगितलंय, की सत्तरीनंतर ही चाचणी सरसकट करू नये. मला पटलं. ऑडिटर आला की काहीतरी काढल्याशिवाय जात नाही, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक?

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. इझिकेल इमॅन्युएल या अमेरिकन डॉक्टरांनी २०१४ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, लिहिलं होतं, की पंच्याहत्तरीनंतर आपण फ्लूची लससुद्धा घेणार नाही. अण्णांना हे सांगितलं.

"सत्तावन्नाव्या वर्षी पंच्याहत्तरी दुसऱ्याचीच वाटते," म्हणत अण्णांनी दंड पुढे केला आणि लस घेतली. पॅकेज मात्र परत.

"अहो, पण उद्या काही झालं तर?"

"तर 'मी सगळं केलं' म्हणायला तुला पावती हवी. पावती तुझी, रक्त माझं!"

खरं सांगतो, त्या रात्री झोप आली नाही. काळजी म्हणून मी जे आणलं होतं, त्यात निम्मी माझीच भीती होती.

नोव्हेंबरात अण्णा रांगेत आले. त्यांनाही धाप लागली होती. मी भीतभीतच म्हटलं, "डॉक्टरांना दाखवू या?"

"आजच दाखवू. हे मला जाणवतंय, यादीतलं नव्हे!"

झिजलेला अंगठा यंत्राने तीनदा नाकारला. एरवी मी चौथ्यांदा टेकवायला लावला असता. त्या दिवशी काउंटर बंद केलं आणि अण्णांना घेऊन निघालो. दाखला काय, उद्याही मिळेल.